बस तुमच्यासाठी का थांबत नाही?

प्रश्न : आम्ही दोघं (वय 64 आणि 61) मे महिन्यात ग्रुप टूरने युरोपला जातोय. बारा दिवसांत सहा शहरं. खाऊ काय न्यावा, काय सांभाळावं?
– एक वाचक, पंतनगर, घाटकोपर (पूर्व)

उत्तर : खाकरे, चिवडा, कोरड्या चटण्या खुशाल न्या, घाटकोपरला त्यांची काय कमी! मात्र तूप, पनीर, दूध पावडर नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तुपातले लाडू घरीच संपवून निघा.

खरी कसोटी बसची. तिथल्या कायद्याने चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभराच्या तासांनाही मर्यादा असते. त्यामुळे चॉकलेटच्या दुकानात तुम्ही अर्धा तास जास्त रेंगाळलात, तर पुढचं ठिकाण हुकू शकतं. टूर मॅनेजरवर चिडून उपयोग नाही. महामार्गावर स्वच्छतागृहाला अनेक ठिकाणी पैसे पडतात, म्हणून युरोची नाणी वरच्या खिशात ठेवा.

हॉटेल सारखं बदलणार. रोज मोठी बॅग उपसण्यापेक्षा रात्रीचे कपडे आणि दुसऱ्या दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा.

बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, औषधाच्या मूळ नावाच्या चिठ्ठीसह. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण जुने आजार त्यात धरलेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.