हॅस्कॅप : जात बदलली की सत्त्वही बदलतं?

प्रश्न : कॅनडात मुलाकडे आलो आहोत. अंगणात हनीसकलला निळी फळं धरली आहेत. ती पौष्टिक असतात का? सगळ्या जाती सारख्याच का?

उत्तर : रोपवाटिकेतून आणलेलं खात्रीचं हॅस्कॅप, म्हणजे निळ्या फळांचं खाण्याजोगं हनीसकल असेल, तर अवश्य खावं. शोभेच्या हनीसकलची लाल फळं मात्र तोंडात घालू नयेत. त्यांतली बरीच विषारी असतात.

हॅस्कॅपचं खरं धन त्याच्या रंगात आहे. फळ चिरलं की गरही गर्द जांभळट-लाल निघतो, बोटं रंगतात. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, त्यातही मोठा वाटा सायनिडिन-३-ग्लुकोसाइडचा. जोडीला क जीवनसत्त्व.

जातीनुसार फरक पडतोच. सस्कॅचेवन विद्यापीठाच्या 'टुंड्रा'चं फळ घट्ट, यंत्राने काढण्याजोगं. 'बोरिअ‍ॅलिस'चं मोठं पण नाजूक, परसबागेसाठी उत्तम. ही निवड चवीची आणि सोयीची झाली. सत्त्वाचं गणित वेगळं : लहान फळात वजनाच्या मानाने साल जास्त, म्हणून सहसा रंगद्रव्यही जास्त. शिवाय एकाच जातीत हवामान आणि पिकण्याची वेळ यांनीही आकडे हलतात.

साल निळी झाली म्हणून लगेच तोडू नये. आत हिरवट दिसलं, तर आणखी थांबावं. उरलेली फळं गोठवावीत. मुरंब्यासाठी उकळताना क जीवनसत्त्व आणि अँथोसायनिन दोन्ही घटतात.