कर, अनुदान आणि आहार

मनुष्य काय खातो हे केवळ आवडीवर ठरत नाही, ते खिशावरही ठरते. किंमत वाढली की मागणी घटते, हा नियम अर्थशास्त्राचा विद्यार्थी आरंभीच शिकतो. त्याच्या आधारे सरकारला लोकांचा आहार सुधारता येईल काय, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त स्निग्धांशावर किलोमागे १६ क्रोनर कर बसविला. लोणी, चीज, मांस हे रोजचे पदार्थच महागले. सवय बदलण्याऐवजी अनेक ग्राहक सरहद्द ओलांडून जर्मनीत खरेदी करू लागले. अखेर जानेवारी २०१३ पासून हा कर रद्द झाला.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. एप्रिल २०१८ पासून तेथे शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमहून कमी साखर असल्यास कर नाही. ५ ग्रॅमपासून पुढे लिटरमागे १८ पेन्स आणि ८ ग्रॅमपासून २४ पेन्स, असे आरंभीचे दर होते. घोषणा दोन वर्षे आधीच झाली होती. त्या अवधीत अनेक उत्पादकांनी साखरच कमी केली. येथे कराचा रोख ग्राहकापेक्षा कारखानदाराकडे होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मेक्सिकोत जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागला. पहिल्या वर्षी त्यांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी ६ टक्क्यांनी कमी भरली. गरीब कुटुंबांत ही घट अधिक होती.

येथेच खरा आक्षेप उभा राहतो. अप्रत्यक्ष कराचा भार उत्पन्नाच्या मानाने गरिबांवर जास्त पडतो. मग आरोग्याच्या नावाखाली त्यांचाच घास महाग करावा काय?

या आक्षेपाचे उत्तर अनुदानात सापडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ मध्ये एक प्रयोग झाला. सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या काही कुटुंबांना फळे-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत मिळाले. अशी सवलत न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या आहारात फळे-भाज्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने अधिक आढळले.

सारांश, कर हा निषेध करू शकतो, पोषण करू शकत नाही. एका हाताने घेतलेला पैसा दुसऱ्या हाताने त्याच ताटात भाजी, फळे वा डाळ होऊन परतला, तरच असा कर न्याय्य म्हणता येईल. एरव्ही तो केवळ तिजोरीचे पोषण करील.