वहीत येणारं गणित दुकानात का अडतं?

प्रश्न : आमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. तो शाळेत जात नाही, घरीच शिकतो. दोन अंकी बेरीज-वजाबाकी वहीत भराभर करतो, पंधरापर्यंतचे पाढे पाठ आहेत. पण वाण्याकडे ३२ रुपयांचं सामान घेतलं, त्याच्या हातात ५० ची नोट दिली आणि “किती परत येतील?” असं विचारलं, तर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. घरी येऊन ५० वजा ३२ लिहून दिलं, तर लगेच १८ लिहून मोकळा! त्याचं कुठे अडतंय? आणि रोजच्या व्यवहारातून गणित शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? – एक आई, सातारा

उत्तर : वहीत वजाबाकीचं चिन्ह समोर असतं. दुकानात ते नसतं. तिथे एक नोट असते, पिशवी असते, मागे उभं असलेलं गिऱ्हाईक असतं आणि इथे वजाबाकी करायची आहे हे मुलाला स्वतःच ओळखावं लागतं. तुमच्या मुलाला वजाबाकी येते, ती ओळखायची सवय त्याला अजून झालेली नाही. ही सवय वहीतली आणखी पानं भरून होत नाही.

यावर फार चांगलं काम झालेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांची ९८ टक्क्यांहून जास्त उत्तरं या मुलांनी तोंडी बरोबर दिली. मग तेच आकडे कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांच्या आसपास आली. ३५ ला एक नारळ, तर चार नारळांचे किती? एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात चौथ्याचे मिळवले आणि १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना त्याच मुलाचा हातच्यात घोटाळा झाला आणि त्याने २०० लिहिलं. गाडीवर त्याने चार नारळांचे २०० कधीच मागितले नसते.

आपल्याकडचा पुरावा अगदी ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडत होती. शाळेतली मुलं ती उदाहरणं जास्त चांगली सोडवत होती, पण बाजाराच्या हिशेबात मागे पडत होती. एका जागचं ज्ञान आपणहून दुसऱ्या जागी जात नाही, हे दोन्ही बाजूंनी दिसतं. म्हणून मुलाला नुसतं मंडईत नेणं पुरेसं नाही. मंडईतला हिशेब वहीत उतरला पाहिजे आणि वहीतलं उदाहरण पुन्हा मंडईत गेलं पाहिजे. ही ये-जा घडवून आणणं हेच घरी शिकवणाऱ्या पालकाचं खरं काम आहे, असं मला वाटतं. त्यासाठी लागणारा निवांतपणा तुमच्याकडे आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, गर्दी ओसरल्यावर, तुम्ही त्याला घेऊन दुकानात जाऊ शकता.

सुट्ट्या पैशांपासूनच सुरुवात करू. जुना दुकानदार ५० मधून ३२ वजा करत नाही. तो ३२ पासून वर चढतो : हातावर आठ रुपये ठेवतो, “चाळीस”, मग दहाची नोट ठेवतो, “पन्नास”. म्हणजे वजाबाकीचं उत्तर तो बेरजेने काढतो. हा प्रकार मुलाला घरी खऱ्या नाण्यांनी करू द्या. शंभर मण्यांची, दहा-दहाला रंग बदलणारी गणितमाळ घरी असेल तर उत्तम, नसेल तर एका संध्याकाळी दोघं मिळून ओवा. माळेवर ३२ ला चिमटा लावायचा आणि ५० पर्यंत किती मणी उरले ते बघायचं. मग वहीत एक आडवी रेघ ओढून ३२ पासून ४० पर्यंत एक उडी, ४० पासून ५० पर्यंत दुसरी. त्याच पानावर खाली ५० – ३२ = १८ लिहायचं. नाणी, माळ, रेघ आणि उभी मांडणी या चारही गोष्टी एकच आहेत हे त्याला दिसलं, की दुकानात तो तुमच्याकडे बघत राहणार नाही.

एक अडचण मात्र आपण मोठ्यांनीच निर्माण केली आहे. आता बहुतेक घरांत दूध, भाजी, रिक्षा सगळ्यांचे पैसे फोनवरून जातात. मुलाला दिसतं ते एवढंच, की आईने फोन समोर धरला आणि टिंग वाजलं. त्यात नोट मोडत नाही, सुटे परत येत नाहीत. म्हणून त्याच्या वाट्याची खरेदी तरी रोखीने होऊ द्या. आठवड्याची कोथिंबीर, लिंबं, आलं हे त्याचं खातं. १०० रुपये त्याच्याकडे द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या. पैसे कमी पडले तर लिंबं कमी येतील. ते त्याला कळू द्या, मध्ये पडून भरपाई करू नका.

मंडईत आकडे कानावर पडतात, तिथेही मुलं अडखळतात. दुकानदार ‘बत्तीस’ म्हणतो तेव्हा दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. म्हणून बरीच मुलं ३२ च्या जागी २३ धरतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘तीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा बराच वाद झाला होता. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू नीट समजावून सांगितली होती. घरी तुम्ही दोन्ही रीती वापरा. समजण्यासाठी ‘तीस दोन’ सोपं आहे, पण वाणी बत्तीसच म्हणणार. त्याने बत्तीस म्हटलं की मुलाने दहाच्या तीन नोटा आणि दोनचं नाणं काढून दाखवायचं.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण या वयासाठी तिथे दुकानापेक्षाही जास्त गणित आहे. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ, हे प्रमाण बऱ्याच घरांत असतं. त्याला विचारा : पाहुणे येणार आहेत, डाळ दोन वाट्या घेतली, तर तांदूळ किती? या वयाची खूप मुलं ‘चार’ म्हणतात. डाळीत एक वाढली, म्हणून तांदळातही एक वाढवली. तीच पट घ्यायची असते हे कळायला वेळ लागतो. काही मुलांना बारा-तेरा वर्षांची झाली तरी इथे चुकायला होतं. म्हणून ‘चूक’ असं म्हणून उत्तर सांगून टाकू नका. पहिला घाणा मांडा : एक वाटी डाळ, शेजारी तीन वाट्या तांदूळ. आता तसाच दुसरा घाणा त्याच्या शेजारी मांडायला सांगा. मग सगळा तांदूळ मोजू द्या. सहा! असे घाणे मांडून झाले की वहीत दोन रकाने काढा, एकात डाळ, दुसऱ्यात तांदूळ : १ ला ३, २ ला ६, ३ ला ९. तीनचा पाढा त्याला पाठ आहेच. पण पाढ्याने इडलीचं पीठ भिजतं, हे त्याला कदाचित पहिल्यांदाच दिसेल. त्यानंतर अर्धी वाटी डाळ घ्या. दीड वाटी तांदूळ त्याने स्वतः काढला, तर त्याने मोठी मजल मारली समजा.

त्याच आठवड्यात उलटा प्रश्नही विचारा. एक शर्ट उन्हात वाळायला दोन तास लागतात, तर शेजारी तीन शर्ट टाकले तर किती? सहा म्हणाला, तर दोरीवर खरंच तीन शर्ट टाका आणि दोन तासांनी हात लावून बघायला सांगा. कुठे गुणायचं नाही हे कळणं गुणाकार येण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि वहीत हे फारसं शिकवलं जात नाही.

साताऱ्याहून एसटीने कुठे गेलात तर तिकिटांचा हिशेब त्याच्याकडे द्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला काहीच नाही. बाबांचं पूर्ण. समजा पूर्ण तिकीट ९० रुपये आहे. नव्वदचे अर्धे कसे करायचे, यात त्याला थोडं झगडू द्या. आई आणि तो मिळून एक पूर्ण तिकीट होतं हे त्याच्या लक्षात आलं, की ४५ मध्ये ४५ मिळवायची गरजच उरत नाही. मग बाबांचे ९० मिळवून १८०.

भाजीवाल्याकडे वजनांचा तराजू असेल तर तिथे थोडं रेंगाळा. पावशेरासाठी, म्हणजे २५० ग्रॅमसाठी, २०० आणि ५० ची वजनं लागतात हे तो बघेल. मग विचारा, फक्त ५०० आणि ५० ची वजनं असतील तर ४५० ग्रॅम कसे तोलायचे? ५० चं वजन भाजीच्या पारड्यात टाकायचं, हे सुचलं की मुलं खूश होतात.

रांगोळीचंही एक सांगते. मध्ये ७ ठिपक्यांची ओळ काढा, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत १ पर्यंत जा. एकूण ठिपके किती? मोजून ४९ येतात. पाचाची मधली ओळ घेतली तर २५. असं का होतं ते सांगू नका. कागदावर काढून तो कागद थोडा तिरका धरला, की ७ ओळींत ७ ठिपके त्यालाच दिसतील.

शेवटी पथ्याची एकच गोष्ट. प्रत्येक जिना चढताना, प्रत्येक पोळी मोडताना प्रश्न विचारू नका. मूल त्या प्रश्नांपासून पळायला लागतं. दिवसातून एक खरं काम द्या, ते पूर्ण त्याच्यावर सोपवा आणि नंतर पाच मिनिटं “तू कसं केलंस?” एवढंच विचारून ते वहीत उतरवायला बसा.

प्रश्न : साडेसात वर्षांच्या आमच्या नातीला तिचे आजोबा पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करायला लावतात. आता याचा उपयोग आहे का? – एक आजी, डोंबिवली

उत्तर : आहे, फक्त क्रम बदला. आधी भाकरीचे चार तुकडे, वाटीवरची पावाची खूण, अर्धा लिटर दुधाची पिशवी हाताखालून जाऊ दे. मग दिडकीपासून सुरू करा, कारण बाजारात दीड किलो रोज भेटतो. बटाटे २८ रुपये किलो, तर दीड किलोचे किती? २८ आणि त्याचे अर्धे १४, झाले ४२. असे चार-पाच हिशेब तिने स्वतः केले, की पाठ केलेली दिडकी तिला आपली वाटेल. पावकी म्हणजे निम्म्याचं निम्मं, हेही तिला करून बघू दे. पाऊणकी त्यानंतर, आणि साडेतीनची औटकी दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत थांबली तरी चालेल.