डबा एक, मजले तीन

अगं, दीर म्हणतो म्हणून मजल्यागणिक वेगळं कनेक्शन घेऊ नकोस. खाली मामंजींचं टॅक्सचं ऑफिस, मधे तुम्ही, वर कोचिंगच्या पेइंग गेस्ट मुली; एवढ्यांना एक फायबर सहज पुरतं. घोटाळा होतो तो वाटण्यात.

टॉवर चौकात विचारलंस तर आधी एक्स्टेंडर दाखवतील. स्वस्तातला नकोच. तो त्याच हवेतून सिग्नल घेतो नि त्याच हवेतून पुढे देतो, वेग जवळपास निम्म्यावर येतो. सरळ केबल टाकून घे, शंभर मीटरपर्यंत काही अडचण नाही. फक्त शुद्ध तांब्याचीच माग, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली गळ्यात मारतात. आणि जिन्यातून आतूनच ने. बाहेरून गच्चीवर नेलीस तर मालव्यातल्या पावसाळी विजा आहेतच.

कपाटातला जुना राउटर वर चालेल. त्याचं डीएचसीपी बंद कर, नंबर बदलून १९२.१६८.१.२ कर (मुख्य डब्याचा बहुधा १९२.१६८.१.१ असतो, खाली चिकटवलेल्या कागदावर बघून घे), आणि केबल ‘वॅन’मध्ये नाही, ‘लॅन’च्या भोकात घाल. हे चुकलं की एका घरात दोन नेटवर्क होतात आणि वरून खालचा प्रिंटर दिसेनासा होतो. मग सगळे प्रिंटरलाच शिव्या देतात!

तुला आठवत नसेल, पण १९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही वाटणी आली तेव्हा ज्या कंप्यूटरला मोडेम, तो चालूच ठेवावा लागे. कुणी बंद केला की सगळ्यांचं इंटरनेट गेलं. त्यात छप्पन्न किलोबिटची लाइन, तीही फोन अडवून. आज तेच काम डबा करतो, रीत मात्र जुनीच: घरात कितीही यंत्रं असोत, बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच.

म्हणूनच एक गोष्ट कानात सांगते. कनेक्शन मामंजींच्या नावावर आहे. वरच्या खोलीतून कुणी काही उद्योग केला, तर कंपनीच्या कागदावर नाव त्यांचंच निघणार. मुलींवर संशय घे असं नाही म्हणत गं, पण त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे भाऊ, पासवर्ड कुठवर जाईल सांगता येतं का? त्यांना गेस्ट नेटवर्क दे. मुलगी खोली सोडून गेली की पासवर्ड बदल. पैसे भाड्यातच धर, दरमहा मागत बसू नकोस, तोंडं वाकडी होतात.

आणि गेस्ट म्हटलं म्हणजे वेगळं झालंच असं समजू नकोस. वरचा राउटर असा लॅनमधून जोडला की त्याचं गेस्ट नेटवर्क पुष्कळदा खालच्याशी एकच होतं. तुझा फोन गेस्टवर घे, मोबाइल डेटा बंद कर आणि मुख्य डब्याचा नंबर ब्राउझरमध्ये टाक. लॉगिनचं पान उघडलं तर ऑफिसच्या कंप्यूटरपर्यंतही वाट मोकळी असणार, आणि त्यात लोकांचे पॅन नि बँकेचे कागद आहेत. तसं झालं तर वरचं गेस्ट बंद ठेव आणि मला फोन कर, दिराला विचारत बसू नकोस.