जुन्या पिकअपचे मागील ब्रेक

भाजीपाला बाजारास नेणाऱ्या जुन्या पिकअपचे मागील ब्रेक दुर्बळ झाले, तरी गाडी रिकामी असतां तें मालकाच्या ध्यानांत येत नाहीं; त्या वेळीं बहुतेक काम पुढील चाकेंच करितात. खरा प्रसंग भरल्या गाडीनें घाट उतरतांना येतो. यास्तव परीक्षा घरींच करावी.

सपाट जागीं पुढील चाकांस दगड लावून मागील चाकें उचलावीं व एक्सलखालींच भक्कम आधार द्यावा. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून एकानें पेडल दाबावें, दुसऱ्यानें चाक फिरवून पाहावें. मग पेडल सोडून हँडब्रेक ओढावा. दोहोंचे शू बहुधा तेच. परंतु पेडलाचा जोर तेलानें पोहोंचतो, हँडब्रेकाचा केबलनें. हँडब्रेकानें चाक धरलें, पण पेडलानें फिरत राहिलें, तर दोष चाकाच्या सिलिंडरांत किंवा भाराप्रमाणें मागील दाब कमीअधिक करणाऱ्या व्हॉल्व्हमध्यें शोधावा. त्याची दांडी गंजून अडकल्यास भरली गाडीही त्यास रिकामी भासते!

दोहोंनींही चाक फिरलें, तर ड्रम काढावा. पेडल लागोपाठ दोनदां दाबतां दुसऱ्या खेपेस उंच लागल्यास शूचें अंतर वाढलें आहे असें समजावें. आंतील ओल पातळ असेल तर ब्रेकचें तेल, दाट व उग्र वासाची असेल तर गिअरचें. भिजलेले शू पेट्रोलनें धुऊन बसविण्याची काटकसर कित्येक करितात. ती व्यर्थ होय. गळती बंद करून दोन्ही चाकांचे शू एकदम बदलावे. ड्रममधील धूळ मात्र फुंकूं नये. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें.