हनुवटी ओली दिसली की

अगं, तुझा गिनीपिग लाडू काकडी तोंडात घेतो आणि तशीच खाली टाकतो, हनुवटीखालचे केस ओले असतात, हे तू बोलता बोलता सांगितलंस आणि लगेच भाईंदरच्या उकाड्याकडे वळलीस. मला मात्र तिथेच थांबायचं आहे. तो काकडीकडे धावतो, म्हणजे भूक आहे. पण चावता येत नाही, लाळही नीट गिळता येत नाही. हे दातांचं दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यात ‘रविवारी बघू’ चालत नाही.

गिनीपिगला २० दात असतात. तुला दिसतात ते पुढचे ४. बाकीच्या १६ दाढा आत, इतक्या अरुंद तोंडात, की उपकरण घातल्याशिवाय डॉक्टरांनाही नीट दिसत नाहीत. आणि हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात. गवत खाताना दाढा जात्यासारख्या एकमेकींवर घासल्या जातात आणि त्या घासण्याने झिजतात. गवत कमी झालं की झीज कमी होते, वाढ मात्र चालूच. मग खालच्या दाढा आतल्या बाजूला कलून जिभेवर आडव्या येतात, जीभ खाली अडकते. वरच्या दाढा गालात रुततात. मुळंही मागे सरकतात, म्हणून कधी डोळ्यातून पाणी येतं, कधी खालच्या जबड्याच्या कडेला गाठी लागतात. हलकेच बोट फिरवून बघ, दोन्ही बाजू सारख्या लागतात का.

पुढचे दात लांब दिसले तरी नेलकटर हातात घेऊ नकोस. दात उभा चिरतो आणि चीर खोल जाते. दुकानदार ‘आणा, कापून देतो’ म्हणाला तरी नाही म्हण. बऱ्याचदा मागे दुखतं म्हणून प्राणी नीट चावत नाही आणि त्यामुळे पुढचे दात वाढतात. पुढचे कापून मागचं दुखणं तसंच राहतं.

आता आज रात्रीचं. गिनीपिगचं पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात, आणि दातापेक्षा तेच आधी जिवावर बेततं. अर्धा दिवस काही खाल्लं नसेल तर ती तातडीची वेळ समज. लेंड्या बारीक किंवा कमी झाल्यात का तेही बघ. त्याच्या गोळ्यांचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा कर. बिनसुईच्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून एका वेळी अर्धा मिलिलिटर सोड. चावून गिळू दे, मग पुढचा घास. उताणा अजिबात धरू नकोस, श्वासनलिकेत जाईल. दिवसभरात किती द्यायचं ते त्याच्या वजनावरून डॉक्टरांकडून ठरवून घे.

आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी पाण्यात विरघळवून देऊ नकोस, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घरातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो.

मीरा रोड-भाईंदरला कुत्र्यामांजरांचे डॉक्टर मिळतील, पण निघण्याआधी फोनवर विचार: गिनीपिग बघता का? भूल देऊन मागच्या दाढा घासता का? डोक्याचा एक्स-रे काढता येईल का? ‘भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर मी दुसरीकडे फोन करीन. गिनीपिगला उलटी होत नाही, उपाशी ठेवण्यात फायदा नाही, नुकसान आहे. जवळ कुणी नाही मिळालं तर परळ आहेच. तिथे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे आणि १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. तिथेही आधी फोन कर. सकाळी आठच्या लोकलमध्ये त्याला घेऊन चढू नकोस, गर्दी ओसरू दे किंवा एसी लोकल बघ. टोपलीत गवत ठेव, आणि गार पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून शेजारी. वर कापड टाक, दवाखान्यात कुत्री असतात.

घरी बाबा म्हणणार, पाचशे रुपयांच्या प्राण्यावर हजारो कशाला, दुसरा आणू. भांडू नकोस, सांग त्यांना. याच परळमधल्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग सोडले, त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा तपासल्या आणि रोग कसा पसरतो ते उलगडलं. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी याच प्राण्यावरून स्कर्व्ही आहारातून होतो हे दाखवलं. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून ते कमी पडलं की हिरड्या सुजतात, दात हलतात. बाबांना हे पटेल, असं मला मनापासून वाटतं.

तर, ताटलीबद्दल. दिवसभर समोर वाळलेलं गवत हवंच, गाजर आणि खाद्याच्या गोळ्या वरून थोड्या. टिमोथी गवत महाग वाटलं तर स्टेशनबाहेरच्या फुलवाल्यांकडून ताज्या दूर्वा आण, स्वच्छ धुऊन पाणी निथळू दे. रस्त्याकडेचं, फवारलेलं गवत नको. पावसाळ्यात खाडीची ओल लागून गवताला बुरशीचा वास आला की टाकून दे. ढोबळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर रोज दे. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, ते लवकर निकामी होतं. खाद्याच्या गोळ्यांचं पाकीट जुनं असेल तर त्यातलंही घटलेलं असतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून दर आठवड्याला वजन घे, सध्या मात्र रोज, एकाच वेळी, आणि लिहून ठेव. गिनीपिग दुखणं लपवतो, ताटलीजवळ बसून खाल्ल्यासारखं करतो, पण काटा सांगतो. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर वाट बघू नकोस.

एक मात्र आत्ताच सांगते. दाढा एकदा घासल्या की प्रश्न संपेलच असं नाही. काहींना दर काही आठवड्यांनी परत न्यावं लागतं, आणि मुळं फार वाढली असतील तर काही दुखणी बरी होत नाहीत. एक्स-रे झाला की डॉक्टरांना सरळ विचार, याला पुन्हा आपणहून गवत खाता येईल का. ते जे म्हणतील ते मला कळव, पुढचं आपण दोघी मिळून ठरवू.