गाडीचा मूळ रंग जपा, विकताना भाव राखा



या पत्रिकेतून आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत-पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता चारचाकी आली आहे. गाडी आपण हौसेने घेतो, पण विकायची वेळ बहुधा अडचणीत येते. कुणाच्या मुलीचे कॉलेज, कुणाच्या घरचे आजारपण, तर कुणाच्या विहिरीचे काम. अशा वेळी वीस-पंचवीस हजारांचा फरकही डोळ्यांत पाणी आणतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच एका सभासदाने मुलाच्या प्रवेशासाठी आठ वर्षांची गाडी विकायला काढली. अंगावर चरे होते, बॉनेट फिक्कट पडले होते. “जरा चकाचक करून नेऊ, चार पैसे जास्त येतील,” म्हणून त्यांनी सगळी गाडी रंगवून घेतली. त्यात तीस हजारांच्या वर गेले. बाजारात व्यापाऱ्याने खिशातले लहानसे यंत्र पत्र्याला लावले आणि विचारले, “काका, गाडी कुठं ठोकली होती?” गाडी कुठेच ठोकली नव्हती. पण ते पटवून कसे देणार? रंगवण्याआधी जी मागणी आली होती, तिच्याहीपेक्षा कमी भावात गाडी द्यावी लागली. रंगाचे पैसे गेले ते वेगळेच.

हे असे का झाले, ते आपण नीट समजून घेऊ.

रंगाचे थर

चिटबॉय शेतात येऊन ब्रिक्समीटर लावतो, तेव्हा उसाची उंची आणि हिरवेपणा बाजूला राहतो, आतले माप बोलते. गाडीच्या रंगाचेही तसेच आहे. व्यापाऱ्याचे यंत्र रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कंपनीतून आलेल्या गाडीवर सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढा! त्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक या क्लिअर कोटची असते.

कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात आणि मोठ्या भट्टीत भाजतात. गॅरेजमध्ये गाडीला काच, रबर, प्लॅस्टिक, वायरिंग सगळे बसवलेले असते. तिला तेवढी उष्णता देताच येत नाही. म्हणून दुसऱ्यांदा दिलेला रंग कितीही देखणा असला तरी मूळ रंगाची बरोबरी करत नाही. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर यंत्र २००-३०० मायक्रॉन दाखवते आणि खाली लांबी भरली असेल तर आकडा हजाराच्याही पुढे जातो. असा आकडा दिसला की घेणाऱ्याच्या मनात अपघाताचा संशय येतो आणि तो भाव पाडून मागतो.

आपल्या भागात रंग कशाने जातो?

उन्हाने रंग मरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडची आणखी काही कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे काजळी. गळीत हंगामात चिमणीची आणि पेटवलेल्या फडाची राख गाडीवर बसते. बगॅसच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतला घटक भरपूर असतो. सकाळी कोरडे फडके मारले की पॉलिश पेपरने घासल्यासारखेच होते. आधी पाणी सोडा, राख वाहून जाऊ द्या, मगच हात लावा.

दुसरे कारण खताची पोती. डिकीत पोटॅश किंवा अमोनियम सल्फेट सांडले आणि ओल लागली की पत्रा आतून गंजू लागतो. पोती न्यायचीच झाली तर खाली जाड कागद अंथरा आणि नंतर डिकी झाडून पुसून घ्या.

तिसरे, बोअरचे जड पाणी. ते उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात. म्हणून गाडी सावलीत धुवावी आणि लगेच मऊ फडक्याने टिपून घ्यावी.

चौथे, पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोटमध्ये उतरते. ओले फडके थोडा वेळ ठेवून, भिजवून काढावी. नखाने खरवडू नये.

याशिवाय आपल्या हाताने होणाऱ्या चुका आहेतच. कपड्यांच्या साबणाने धुणे, चमक यावी म्हणून डिझेलचे फडके फिरवणे, ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधणे. वाऱ्याने ताडपत्री हलते, तिच्याखालची धूळ रंगाला घासत राहते आणि आत ओल कोंडते. त्यापेक्षा साधे पत्र्याचे शेड बरे.

कोणते संरक्षण घ्यावे?

मेण किंवा वॅक्स: सर्वांत स्वस्त. घरी लावता येते, दोन-तीन महिने टिकते. बहुतेकांना एवढे पुरते.

टेफ्लॉन कोटिंग: नावाला भुलू नये. तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती उभ्या गाडीला देता येत नाही. त्यामुळे या नावाने मिळते ते बहुधा काही महिने टिकणारे पॉलिशच असते. त्याच मापाने पैसे द्यावेत.

सिरॅमिक कोटिंग: रंगावर सिलिकायुक्त कडक थर बसतो. पाणी थांबत नाही, धूळ सहज निघते, ऊन आणि विष्ठा यांपासून बराच आधार मिळतो. पण हा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. उसाच्या ट्रॉलीमागे जाताना उडालेला खडा तो अडवत नाही. खर्च पाच आकडी होतो.

संरक्षक फिल्म, म्हणजे पी. पी. एफ.: सुमारे १५० ते २०० मायक्रॉनचा पारदर्शक पॉलियुरेथेनचा पदर. खड्यापासून खरे संरक्षण हाच देतो. मात्र सगळ्या गाडीला लावायचा तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. हवाच असेल तर बॉनेटची पुढची कड, बंपर आणि दाराची कड एवढ्यापुरता लावावा.

आमचे मत विचाराल, तर पाच-सहा लाखांच्या गाडीला महागडे कोटिंग केवळ विक्रीचा भाव वाढावा म्हणून करू नये. तेवढा पैसा भावात परत मिळेल याचा भरवसा नाही. गाडी वाघोळीच्या झाडाखाली, उघड्यावर वर्षानुवर्षे उभी राहणार असेल तरच सिरॅमिकचा विचार करावा.

चरा पडला तर

खड्याने पत्रा उघडा पडला असेल, तर त्याच आठवड्यात टच-अपच्या बाटलीतला थेंब लावा. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो. गंज धरला की काम थेंबावर भागत नाही.

लहान चऱ्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब करा. झिरो डेप्रिसिएशन नसेल तर रंगाच्या साहित्याच्या खर्चातून ५० टक्के कापले जातात. वर नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के मिळतो आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. पुष्कळदा खिशातून केलेली दुरुस्ती स्वस्त पडते.

विकायच्या आधी

सगळी गाडी रंगवू नका. स्वच्छ धुवा, आतून झाडा, जाणत्या माणसाकडून एकदा हलके पॉलिश करून घ्या. सारखे रबिंगही नको; प्रत्येक रबिंगला क्लिअर कोट थोडा थोडा झिजतो. एखादा दरवाजा खरोखर रंगवला असेल तर आपणहून सांगा आणि बिल दाखवा. पूर्ण रंगच बदलला असेल, तर आर. सी. वर त्याची नोंद असली पाहिजे, नाहीतर नावावर करताना अडते.

चार चरे दिसणारी पण मूळ रंगाची गाडी घेणाऱ्याला खरी वाटते. त्या सभासदाने तीस हजार घालून तो खरेपणाच झाकला. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी येत्या हंगामात कोरडे फडके तेवढे बाजूला ठेवावे आणि पाण्याचा पाइप हाती घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.